दरीतल्या नदीची ओटी

मुलीला घरी घेऊन यायचं, हे ठरवूनच मी मेहकरहून निघालो होतो. बायकोला मात्र वाटत होतं, आपण नुसता पूल बघायला चाललोय. तिला मी तेवढंच सांगितलं होतं, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरं कळलं असतं तर चिखली यायच्या आत तिने पोरीला फोन लावला असता आणि "तुह्ये बाबा तुले न्यायले येऊन राह्यले" असं सांगून मोकळी झाली असती.

आमची ही एकुलती एक मुलगी इंजिनिअर आहे. तिकडे पार उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांच्या अलीकडे, एका नदीने डोंगर चिरून भयंकर खोल दरी केली आहे. त्या दरीवर झुलता पूल बांधायचं काम चालू होतं आणि आमची पोरगी त्या कामावर होती. दोन काठांवर दोन मनोरे, मनोऱ्यांवरून सोडलेले तारांचे जाडजूड दोर आणि त्या दोरांना टांगलेला रस्ता. मध्ये एकही खांब नाही. आपल्या देशात एवढ्या उंचीवर टांगलेला पूल दुसरा नाही असं टीव्हीवर सांगायला लागले, तेव्हापासून माझ्या बियाण्यांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी पुलाचं विचारायचं आणि मग कांद्याच्या बियाण्याचं. मी छाती फुगवून सांगायचो. स्वतः मात्र उंचीला भितो. दुकानाच्या माळ्यावरून पोतं काढायचं झालं तरी मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर देवाचं नाव घेतो. माझ्या पोटी ही असली पोरगी कशी निपजली, ते देवालाच ठाऊक.

फोनवर ती सांगायची, "बाबा, मी तर ऑफिसात बसतो. दिवसभर कंप्युटर. पुलावर चढाची वेळच येत नाई." तेवढ्या एका वाक्यावर आम्ही दोघं दिवस काढत होतो. चिखलीचं चांगलं स्थळ चालून आलं, त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला की मुलगी पुलावर तर चढत नाही ना. मी म्हटलं, छे हो, ऑफिसात बसते. त्यांना पटलं. फक्त एकच होतं, मुलीने नोकरी सोडून इकडे यायला हवं. बुलडाण्याच्या एका खासगी कॉलेजात शिकवायची जागा होती, तिथेही मी शब्द टाकून ठेवला होता. म्हणजे पाट मांडून ठेवला होता, पोरीने येऊन बसायचं तेवढं बाकी होतं.

राजूरच्या घाटात बायकोला एसटी लागली, मलकापूरला रेल्वेत बसलो तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. प्रवासभर मी मनातल्या मनात भाषण घोळवत होतो. आधी तिच्या कामाचं कौतुक करायचं, मग आईच्या गुडघ्यांचं सांगायचं, मग स्थळाचा विषय काढायचा आणि शेवटी, फारच अडून बसली तर, आवाज चढवायचा. शेवटचा भाग मला चांगला जमतो.

पूल रहदारीला खुला होण्याआधी एक दिवस कंपनीने कामावरच्या माणसांच्या घरच्यांसाठी ठेवला होता. आदल्या संध्याकाळी आम्ही तिथल्या गेस्ट हाऊसवर पोचलो. बायको पोरीसाठी आणलेल्या भाकरी आणि ठेचा पिशवीतून काढत होती, तेव्हा पिशवीच्या तळाशी मला हिरवा खण दिसला. खणाखाली नारळ, तांदळाची पुडी, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या.

"हे काऊन आणलं?" मी विचारलं.

"नदीची वटी भराची हाय."

"अव, इथं कंपनीवाल्यानं पूजा केली असन ना."

"केली असन. आपल्या पोरीच्या नावानं केली का? पैनगंगेवर नवा पूल झाला, तवा साऱ्या बायका गेलत्या वटी भराले. मी गेलती, तुमची मायबी गेलती. इथं पोरगी इतके दिस नदीच्या डोक्यावर काम करून राह्यली अन् नदीले कोनं साधं कुकू लावलं नाई."

मी म्हटलं, नदी दरीच्या तळाशी आहे, तिथवर तुला काय खांद्यावर घेऊन उतरू का. ती म्हणाली, वरूनच सोडू. वरून सोडलं तरी पोचतं म्हणे. यावर वाद घालून उपयोग नव्हता.

सकाळी पोरगी भेटायला आली. उन्हाने तोंड रापलेलं, कपाळावर हेल्मेटचा पट्टा बसायचा तेवढी चामडी गोरी. तिचे हात मी हातात घेतले तर तळव्यांना घट्टे होते, आपल्याकडे कांदा खुरपणाऱ्या बायांना असतात तसे. "कंप्युटरचे बटनं लय टनक दिसतात इथले," मी म्हटलं. ती हसली आणि हात काढून घेतले. मला मीटिंग आहे म्हणाली, दुपारी जेवायला भेटू, तोवर हे काका तुम्हाला पूल दाखवतील.

हे काका म्हणजे कंपनीचा एक पोक्त माणूस, निळ्या हेल्मेटचा, बोलायला गोड. त्याने आम्हाला हेल्मेटं घातली आणि नियम सांगितले. पुलाच्या मावळतीकडच्या बाजूनेच चालायचं. खाली काहीही टाकायचं नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. पलीकडे, उगवतीच्या बाजूला लाल पट्टी बांधलेली आहे, ती ओलांडायची नाही. "उधर काम चालू है," तो म्हणाला. पलीकडे आम्हाला एकही माणूस दिसत नव्हता. आपल्याकडे रस्त्याचं काम संपून वर्ष झालं तरी तसले फलक लागलेले असतात, तसंच असेल असं मी धरून चाललो.

त्या पुलावर चालणं काय असतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण माझ्या पिंडऱ्यांना अजून आठवतं. रस्ता रुंद होता, डांबर नवं होतं, डोळे मिटले तर चिखली रोडवर चालतोय असं वाटावं. पण मधूनच पायाखाली काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. अगदी थोडं. ते काका म्हणाले, हलायलाच पाहिजे, न हलणारा पूल तुटतो. माझं त्याने समाधान झालं नाही. वारा दरीतून वर यायचा आणि शर्टात शिरायचा. एकदा कठड्याशी जाऊन मी खाली बघितलं. एवढी मोठी नदी, पण शेतातला पाट फुटल्यावर पाण्याची धार वाहते तेवढीच दिसली. तिचा आवाजसुद्धा वर येत नव्हता. मी परत मागे सरकलो आणि तिथून पुढे डांबराकडेच बघत चाललो.

पुलाच्या मध्यावर बायको थांबली. पिशवी तिच्या छातीशी होती.

"उगवत कोनीकडं हाय?" तिने हळूच विचारलं.

मी पलीकडच्या कठड्याकडे, लाल पट्टीकडे बोट दाखवलं. ओटी उगवतीला तोंड करून भरायची असते, हे मलाही माहीत होतं. मावळतीला तोंड करून भरली तर ती भरल्यात जमा नाही.

"या मानसाले बोलत ठेवा," ती म्हणाली.

"अव, नाई म्हनलं हाय त्यानं."

"म्हनूनच म्हनतो, बोलत ठेवा."

मी तिला अडवू शकलो असतो असं लोक म्हणतील. ते लोक माझ्या बायकोला ओळखत नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्या वाऱ्यात, त्या हलत्या रस्त्यावर, मलाही वाटून गेलं की भरून टाकावी ओटी. नदीचं काय जातं, आणि पोरगी एकदा घरी आली की आपलाही या नदीशी संबंध संपला.

म्हणून मी त्या काकांना विचारलं, "क्यों साहब, ये पूल सच में सबसे ऊँचा है क्या?"

माणसाची कळी खुलली. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो मनोऱ्याकडे बोट दाखवत सांगायला लागला. दोर कसे ओढले, पहिली तार पलीकडे कशी नेली, हिवाळ्यात हाताची कातडी लोखंडाला कशी चिकटायची. असा झूला पुल आपल्या मुल्कात दुसरा नाही, म्हणाला, आणि त्याचा आवाज कापरा झाला. मी मान डोलवत होतो. त्याच्या खांद्यावरून मला दिसत होतं की बायको लाल पट्टीखालून वाकून पलीकडे गेली. तिने कठड्याला हळदकुंकू लावलं. खणाची गाठ बांधली. गाठोडं कपाळाला लावलं आणि दोन्ही हातांनी अलगद सोडलं.

ते सरळ खाली गेलं नाही. वाऱ्याने खणाचं टोक उडवलं आणि गाठोडं आतल्या बाजूला, पुलाखाली ओढलं गेलं. एवढ्या उंचीवरून नारळ पाण्यात पडल्याचा आवाज आम्हाला कधी आलाच नसता. पण आवाज लगेच आला. फाट्कन, लोखंडावर. आमच्या पायाखालून. आणि त्याच्या मागोमाग माणसाच्या ओरडण्याचा.

काकांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. पलीकडून कोणीतरी भराभर बोलत होतं, मला त्यातला एकच शब्द कळला, मॅडम. काकांनी वळून लाल पट्टीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला होता.

"कौन मॅडम?" मी विचारलं.

मी त्याचा दंड धरला आणि पुन्हा विचारलं.

"आपकी बिटिया नीचे है," तो म्हणाला. "उसने बताने को मना किया था."

मग पलीकडच्या कठड्याकडे धावता धावताच त्याने सांगितलं. पुलाच्या खालच्या अंगाला एक लोखंडी पाळणा टांगलेला असतो. रुळांवरून तो पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवतात आणि त्यात उभं राहून पुलाचा एकेक बोल्ट तपासतात. ऑफिस नव्हतं, मीटिंग नव्हती. पोरगी रोज त्या पाळण्यात असायची. आता ती पाळण्याबाहेर, कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत होती.

मी कठड्यावर ओणवा झालो. मला काही दिसेना. पुलाची कड आडवी येत होती आणि तिच्याखाली नुसती दरी. मी पोरीला हाका मारल्या, त्या वाऱ्याने कुठे नेल्या कोण जाणे. बायको जागची हलली नव्हती. बोटांना कुंकू तसंच होतं. ती मला विचारत होती, "काय झालं, कोन हाय खाली," आणि मला ते तिला सांगवेना. पण माझं तोंड बघून तिला कळलं असावं, कारण ती मटकन खाली बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला शिव्या द्याव्यात, ते समजत नव्हतं.

वॉकीटॉकी नुसता खरखरत होता. काका त्यात पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, पट्टा लागलाय का, दुसरा हूक लागलाय का. तेवढ्या वेळात मी माझ्या कुलदेवीला काय काय कबूल केलं, ते सगळं फेडायचं म्हटलं तर शेत विकावं लागेल. भाषणातला एक शब्द मला आठवत नव्हता. फक्त ती वर यावी. मग चिखली नको, कॉलेज नको, काही नको.

मग आवाज आला, "ले लिया. ऊपर ले लिया."

थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एक लोखंडी झाकण उघडलं आणि त्यातून आधी हेल्मेट, मग पोरगी बाहेर आली. हनुवटी फुटली होती, रक्ताची धार गळ्यापर्यंत आली होती. खांद्यावर नारळाच्या शेंड्या आणि अंग नारळाच्या पाण्याने भिजलेलं. हातात हिरवा खण होता. नारळ कोणी टाकला, हे तिला विचारायची गरज नव्हती.

काकांनी दरडावून विचारलं, "किसने फेंका?" खरं तर त्यांनाही माहीत होतं.

"मेरी माँ ने," पोरगी म्हणाली. "मेरी ज़िम्मेदारी है."

आमच्या मागून पूल बघायला येणाऱ्या इतरांच्या घरच्या मंडळींना तिथूनच परत पाठवलं. कंपनीच्या दवाखान्यातला एक माणूस येऊन तिची हनुवटी साफ करून गेला. खाली पाळण्याचं काही मोडलंय का, ते दोघंजण तपासायला उतरले. आम्ही तिघं पुलाच्या कडेला जमिनीवर बसलो. बायको तिला हात लावायला धजत नव्हती. पोरीनेच तिला जवळ ओढलं. बायको तोंडावर पदर घेऊन रडत होती.

माझा मात्र राग उफाळून आला. भीती ओसरली की मला नेहमी रागच येतो. "ऑफिसात बसत होती ना तू?" मी म्हटलं. "कंप्युटर ना? आमी येडे का? चिखलीवाल्याइले मी तोंड वर करून सांगतलं."

"खरं सांगतलं असतं तर तुमी येऊ देलं असतं का बाबा?"

मी रुमाल काढून तिच्या गळ्यावर राहिलेलं रक्त पुसलं.

मग ती हळूहळू बोलायला लागली. एका बोल्टपर्यंत हात पोचावा म्हणून ती बाहेर झुकली होती. पायाखालची एक फळी काढून ठेवलेली होती. नारळ कानाजवळून गेला, पाळण्याच्या दांड्यावर फुटला, ती दचकून मागे सरली आणि त्या फटीतून खाली गेली. पट्ट्याने धरलं. पट्टा धरणारच, ती म्हणाली, त्याच्यासाठीच असतो. खरी गोष्ट ती नव्हती.

"मले इथं कधीच भेव नाई लागला बाबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीबी नाई. साऱ्याइले लागला, मले नाई लागला. आज लागला. वर येताना शिडीचा दांडा हातातून सुटत नोता."

हात तिने मांड्यांखाली दाबून धरले होते. का, ते मला आता कळलं. ते थरथरत होते.

"ज्याले असा भेव लागते अन् तो तसाच घरी जाते, तो परत उतरत नाई. आमच्यातले दोघं असेच काम सोडून गेले." तिने पलीकडच्या मनोऱ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "तुमी मले न्यायलेच आले ना? सकाळीच समजलं मले, तुमच्या तोंडावरून. चला. आज तुमी म्हनान तर मी येतो. उद्या कदाचित नाई येनार."

बायकोने पदर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. तिला हे सगळं नवीन होतं. पण तिच्या डोळ्यांत लगेच आशा आली, ती मी बघितली.

एवढ्या लांब मी जे मागायला आलो होतो, ते पोरीने न मागता समोर ठेवलं होतं. आवाज चढवायची गरज नव्हती, गुडघ्यांचं सांगायची गरज नव्हती. नुसतं "चल" म्हणायचं होतं. मघाशी ती वर येईपर्यंत मी देवीला जे जे म्हटलं, तेही मला आठवत होतं, पण ती शाबूत समोर बसली होती आणि माणसाचं मन किती लवकर फिरतं. "चल" हा शब्द अगदी ओठांवर होता.

पण मला ते दाबून धरलेले हात दिसत होते. ती थरथर घेऊनच ती चिखलीच्या घरात गेली असती, कॉलेजच्या फळ्यापुढे उभी राहिली असती. पुढे कधीतरी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तिने देवाचं नाव घेतलं असतं. माझ्यासारखी झाली असती. एवढा शिकून, एवढा वर येऊन जीव माझ्यासारखा व्हावा, हे काही मला बघवलं नसतं.

"खालचं काम झालं का तुह्यं?" मी विचारलं.

"नाई. अर्धं राह्यलं."

"मंग करून ये."

बायको म्हणाली, "डोकं फिरलं का तुमचं? आत्ता लेकरू मरनाच्या दारातून आलं."

"करून ये," मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "मी अठीच बसतो. तू वर येतपर्यंत उठत नाई. घरी याचं का नाई याचं, ते वर आल्यावर तुह्यं तू सांग."

तिने काकांना विचारलं. खालून पाळणा ठीक असल्याचा निरोप आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने तिचा पट्टा आवळला, दोन्ही हूक ओढून बघितले, फळ्या सगळ्या लावल्यात ना, ते वॉकीटॉकीवर विचारलं. मग मानेनेच हो म्हटलं. पोरगी झाकणाशी गेली. शिडीवर पाय ठेवून ती थांबली, आणि मला वाटलं आता ती परत येणार. आली नाही. आधी खांदे दिसेनासे झाले, मग हेल्मेट.

बायकोने माझ्याकडे पाठ फिरवली. वारा वाढला होता. त्या झाकणाकडे मी बघत होतो आणि एकेक श्वास मोजून घेत होतो. आता तिला परत बोलवावं असं मला कितीदा वाटलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

खूप वेळाने खालून आवाज आला. टक्. मग परत, टक्. बोल्ट घट्ट आहे का, हे बघायला छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकतात, ते काकांनी सांगितलं. आधीचे ठोके अडखळत येत होते, मध्ये मध्ये काहीच यायचं नाही. मग ते सारख्या अंतराने यायला लागले.

बायको उठून माझ्या बाजूला येऊन बसली. कठड्याच्या पायाशी लोखंडाची रुंद पट्टी होती, तिच्यातून तो ठोका जाणवायचा. तिने त्या पट्टीवर हात पालथा ठेवला. पोरगी पोटात असताना ती असाच हात ठेवून बसायची, आणि आत हललं की मला बोलवायची. आता तिने मला बोलवलं नाही. माझा हात ओढून घेतला आणि तिच्या हाताशेजारी ठेवला.